शब्द फोडून पाहा

अकरावीचे वर्ग सुरू होऊन दीड-दोन महिने झाले, की आमच्या कॉलेजात दरवर्षी एक गोष्ट हटकून घडते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली आणि गणित-विज्ञानात चांगले गुण मिळवलेली दोन-चार मुले स्टाफरूमच्या दाराशी येऊन घुटमळतात. त्यांना शाखा बदलायची असते.

काही वर्षांपूर्वी अशीच एक मुलगी आली. दहावीला विज्ञानात तिला शंभरापैकी ब्याण्णव गुण होते. "सर, मला सायन्स झेपत नाही. मी आर्ट्सला जाते," ती म्हणाली. मी तिची वही मागून घेतली. उदाहरणे व्यवस्थित सोडवलेली होती. पण वहीच्या शेवटच्या पानावर एकच शब्द ओळीने पन्नास वेळा लिहिलेला होता : 'अ‍ॅडिअबॅटिक'.

"याचा अर्थ काय गं?" मी विचारले.

"पाठ केला होता सर. आता आठवत नाही."

मी तिला सायकलच्या पंपाचे उदाहरण दिले. पंपाचे तोंड बोटाने दाबून धरले आणि दांडा भराभर खाली रेटला, तर पंप गरम का होतो? तिने क्षणभर विचार केला आणि मराठीत अगदी बरोबर उत्तर दिले : "आतली हवा दाबली गेली, म्हणून तापली. आणि आपण इतक्या घाईने दाबली, की उष्णतेला बाहेर जायला वेळच मिळाला नाही."

विद्यार्थी मित्रहो, अ‍ॅडिअबॅटिक क्रिया म्हणजे नेमके हेच! मुलीला शास्त्र येत होते. अडला होता तो शब्द. शास्त्राला घाबरून नव्हे, तर शब्दांना घाबरून किती हुशार मुले ही वाट सोडत असतील, या विचाराने मला त्या दिवशी चैन पडले नाही. मी स्वतः मराठी शाळेतून आलेलो असल्यामुळे हे दुखणे माझ्या चांगल्या ओळखीचे होते. त्यावरचा एक उपाय मला बऱ्याच उशिरा सापडला. तो तुम्हांला वेळेवर मिळावा, एवढ्यासाठीच हा लेख.

शब्दाचे तीन तुकडे

नारळ आख्खा गिळता येत नाही, तो फोडावा लागतो. तसाच 'अ‍ॅडिअबॅटिक' हा शब्द आपण फोडू या. तो ग्रीक भाषेतून आला आहे आणि त्याचे तीन भाग पडतात. पहिला 'अ' म्हणजे नाही. दुसरा 'डाया' म्हणजे आरपार. तिसरा 'बॅटोस' म्हणजे जाता येईल असा. तिन्ही जोडले, की अर्थ होतो 'ज्यातून आरपार जाता येत नाही असा'. कोणाला जाता येत नाही? उष्णतेला. झाली व्याख्या!

गंमत अशी, की 'डायबेटिस' म्हणजे मधुमेह, हा शब्दही याच ग्रीक क्रियापदापासून आला आहे. या रोगात रोग्याला लघवी फार होते. प्यालेले पाणी शरीरातून जणू आरपार निघून जाते, म्हणून प्राचीन ग्रीक वैद्यांनी त्याला 'आरपार जाणारा' असे नाव दिले. तिथे आरपार जाते, इथे जात नाही. फरक फक्त सुरुवातीच्या 'अ'चा.

अ‍ॅडिअबॅटिकचा जोडीदार म्हणजे 'आयसोथर्मल'. 'आयसो' म्हणजे समान आणि 'थर्म' म्हणजे उष्ण. ज्या क्रियेत तापमान समान राहते ती आयसोथर्मल. हे दोन शब्द एकमेकांपासून वेगळे ओळखणे किती महत्त्वाचे आहे, ते खुद्द न्यूटनच्या उदाहरणावरून दिसते. हवेतून ध्वनी जाताना हवा आकुंचन-प्रसरण पावते. ही क्रिया आयसोथर्मल आहे असे धरून न्यूटनने ध्वनीचा वेग काढला. शून्य अंश सेल्सिअसला तो सेकंदाला सुमारे २८० मीटर येतो. प्रत्यक्षात मोजला तर तो सुमारे ३३२ मीटर भरतो. चूक कुठे होती, ते लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने दाखवून दिले. ध्वनीची आकुंचने-प्रसरणे इतकी जलद होतात, की उष्णतेला इकडून तिकडे जायला सवडच मिळत नाही. म्हणजेच क्रिया अ‍ॅडिअबॅटिक आहे. तसे धरून गणित केले, की उत्तर बरोबर जुळते. सेकंदाला ५२ मीटरची ती तफावत या दोन शब्दांमधली आहे.

किल्ली तुमच्याच खिशात आहे

आता 'आयसो'चे कुटुंब पाहा. भूगोलात तुम्ही समदाब रेषा शिकलात, त्या आयसोबार. समताप रेषा शिकलात, त्या आयसोथर्म. रसायनशास्त्रातला 'आयसोमर' म्हणजे समघटक : 'आयसो' समान, 'मेरोस' भाग. आणि 'आयसोटोप' म्हणजे समस्थानिक : 'आयसो' समान, 'टोपोस' स्थान. एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या अणुवस्तुमानांचे प्रकार आवर्तसारणीत एकाच घरात, म्हणजे समान स्थानी बसतात. त्यांच्यासाठी फ्रेडरिक सॉडी या शास्त्रज्ञाला नाव हवे होते. मार्गारेट टॉड या डॉक्टरबाईंनी त्याला हा ग्रीक शब्द सुचवला आणि १९१३ साली सॉडीने तो वापरला. आपल्या परिभाषाकारांनी त्याचे तुकडे एकास एक असे संस्कृतात ठेवले आणि 'समस्थानिक' हा शब्द तयार झाला.

म्हणजे काय झाले? ज्याला मराठी शब्द अर्थासह येतो, त्याला इंग्रजी शब्दाचा नकाशा आधीच ठाऊक असतो. मराठी माध्यम हे ओझे नाही. ती किल्ली आहे. फक्त कुलपाला लावून पाहायला हवी.

आता यापुढची गोष्ट आणखी नवलाची आहे. १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे बोलताना सर विल्यम जोन्स यांनी असे मत मांडले, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांमध्ये इतके साम्य आहे, की त्या एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात. पुढे भाषाशास्त्रज्ञांनी हे नाते पक्के केले. पदार्थविज्ञानाप्रमाणेच इथेही नियम सापडले. त्यातला एक सोपा नियम असा : शब्दाच्या आरंभी संस्कृतात जिथे 'स' असतो, तिथे ग्रीकमध्ये पुष्कळदा 'ह' येतो. पडताळून पाहा :

सप्त – हेप्टा (हेप्टागॉन म्हणजे सप्तकोन)
सम – होमो (होमोजीनियस म्हणजे सर्वत्र सारखे)
सूर्य – हेलिओस (हेलियम हे नाव यावरूनच पडले, कारण त्याचा पहिला सुगावा सूर्याच्या प्रकाशात लागला)

आणखी काही जोड्या अशा :

परि – पेरि
उप – हायपो
उपरि – हायपर
उदक – हायड्रो

'पेरिमीटर' म्हणजे परिमिती, हे तुम्ही पाचवी-सहावीत शिकलात. 'पेरि' आणि 'परि' एकच. 'मीटर' आणि 'मिती' यांचेही मूळ एकच, मोजणे. जणू जत्रेत ताटातूट झालेली भावंडे भूमितीच्या तासाला पुन्हा भेटली!

ग्रीक 'थर्मोस' म्हणजे उष्ण. त्याचा संस्कृत भाऊ 'घर्म', म्हणजे उष्णता. आणि 'घर्म' या शब्दावरून मराठीत आला 'घाम'. चहाचा थर्मास आणि कपाळावरचा घाम हे एकाच घराण्यातले आहेत, हे कळल्यावर 'थर्मोडायनॅमिक्स' हा शब्द पाहून घाम फुटायचे कारण नाही.

नकार दाखवणाऱ्या 'अ'ची तर आणखीच मौज आहे. मराठीत व्यंजनापूर्वी 'अ' लागतो : अज्ञान, अमर. स्वरापूर्वी मात्र 'अन्' लागतो : अनादि, अनंत. हा नियम ग्रीकमध्ये जसाच्या तसा आहे. 'अ‍ॅटम' मध्ये 'अ', पण 'अ‍ॅनेरोबिक' मध्ये 'अन्', कारण पुढे 'एर', म्हणजे हवा, हा स्वराने सुरू होणारा शब्द आहे. अ‍ॅनेरोबिक जीवाणू म्हणजे हवेवाचून जगणारे जीवाणू.

काही शब्द नात्याने नव्हे, तर प्रवासाने आपल्याकडे आले. वर्तुळाचे 'केंद्र' हा शब्द ग्रीक 'केंट्रॉन' पासून संस्कृतात आला. तोच 'केंट्रॉन' युरोपात फिरून इंग्रजीत 'सेंटर' झाला. तुमच्या कंपासपेटीतला आणि गवंड्याच्या पिशवीतला 'गुण्या' पाहा. तो फारसीतून आला आणि फारसीत तो ग्रीक 'गोनिया', म्हणजे कोन, या शब्दावरून आला. पेंटागॉन, हेक्सागॉन यांच्या शेवटी जो 'गॉन' बसला आहे, तो हाच. आमच्या गावच्या गवंड्याला ग्रीक येत नव्हते, पण ग्रीक शब्द मात्र तो रोज हाताळत होता.

लोहाराच्या मुलाची अडचण

कोणी म्हणेल, हे सारे ग्रीक-लॅटिन आम्हांला कुठून येणार? त्यांनी मायकेल फॅरडेची गोष्ट ऐकावी.

फॅरडे १७९१ साली इंग्लंडमध्ये एका लोहाराच्या घरी जन्मला. शाळा जेमतेम झाली. पुस्तकबांधणीच्या दुकानात तो उमेदवारी करू लागला आणि बांधायला आलेली पुस्तके वाचून शास्त्र शिकला. पुढे विजेच्या साहाय्याने द्रवातील पदार्थांचे विघटन कसे होते, याचा अभ्यास करताना त्याची अडचण झाली. त्याला जे दिसत होते, त्यासाठी शब्दच नव्हते. लोक विजेच्या टोकांना 'ध्रुव' म्हणत. पण चुंबकाचा ध्रुव लोखंडाला ओढतो, तशी ही टोके पदार्थाच्या कणांना ओढतात हे फॅरडेला मान्य नव्हते. त्याच्या दृष्टीने ती केवळ वीज आत जाण्याची व बाहेर पडण्याची दारे होती. चुकीच्या शब्दामुळे विचारही चुकीच्या दिशेने जाईल, याची त्याला काळजी होती.

पण नवे शब्द घडवावेत तर ग्रीक येत नाही! मग त्याने सरळ विचारले. मित्रांना विचारले आणि १८३४ साली केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल या विद्वानाला पत्र लिहिले. ह्यूएलने सुचवले : 'अ‍ॅनोड' आणि 'कॅथोड'. 'होडोस' म्हणजे वाट, 'अ‍ॅना' म्हणजे वर आणि 'कॅटा' म्हणजे खाली. वर जाणारी वाट आणि खाली जाणारी वाट. यामागची कल्पना सुंदर आहे. पृथ्वीचे चुंबकत्व हे पूर्वेकडून पश्चिमेकडे, सूर्याच्या वाटेने फिरणाऱ्या विद्युतप्रवाहामुळे आहे अशी कल्पना करा आणि आपले उपकरण त्या प्रवाहाच्या दिशेत ठेवा. मग वीज जिथून आत शिरते ते टोक सूर्य वर चढतो त्या बाजूला येईल, आणि जिथून बाहेर पडते ते टोक सूर्य खाली उतरतो त्या बाजूला. अ‍ॅनोड म्हणजे उगवतीची बाजू, कॅथोड म्हणजे मावळतीची. एकदा हे चित्र डोळ्यांपुढे आले, की अ‍ॅनोड-कॅथोडची अदलाबदल होणार नाही.

'आयन' हा शब्दही याच पत्रव्यवहारातला. त्याचा अर्थ 'जाणारा'. संस्कृतात 'इ' हा जाणे या अर्थाचा धातू आहे, त्याचाच हा ग्रीक नातलग. आणि 'इलेक्ट्रोलाइट' मधला 'लाइट' म्हणजे उजेड नव्हे. तो 'लायसिस', म्हणजे सुटणे, मोकळे होणे, यावरून आला आहे. विजेमुळे ज्याचे घटक सुटे होतात, तो इलेक्ट्रोलाइट.

जगभरच्या प्रयोगशाळांत आज रोज उच्चारले जाणारे हे शब्द ज्याने रूढ केले, त्याला स्वतःला ते घडवता आले नव्हते. अडलेला शब्द विचारण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. मग आपण वर्गात हात वर करायला का लाजावे?

पण जरा सावध!

शब्द फोडला म्हणजे सगळे कळले, असे मात्र नाही. शब्द ज्या काळात घडला, त्या काळाची समजूत तो पोटात घेऊन येतो. कधी कधी ती समजूत चुकीची असते. 'अ‍ॅटम' म्हणजे 'ज्याचे तुकडे होत नाहीत असा'. पण १८९७ साली जे. जे. टॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला आणि या नावातला दावा खोटा ठरला. 'ऑक्सिजन' म्हणजे 'आम्ल निर्माण करणारा', असे लाव्हाझिएला वाटले होते. पण हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजनचा मागमूसही नाही. 'मलेरिया' म्हणजे इटालियन भाषेत 'वाईट हवा'. १८९७ सालीच सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना मलेरियाचे जंतू डासाच्या पोटात सापडले आणि बिचारी हवा निर्दोष सुटली. नावे मात्र तशीच राहिली. तेव्हा शब्दाची फोड ही अर्थापर्यंत नेणारी पायरी समजा. शेवटचा निकाल व्याख्येचा.

दुसरा धोका लांबलचक शब्दांचा नसून साध्या, ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांचा आहे. 'मोमेंट ऑफ इनर्शिया' याचे भाषांतर एका विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत 'जडत्वाचा क्षण' असे केले होते! त्याला हसू नका. लॅटिन 'मोमेंटम' चा अर्थ हालचाल, आणि तराजूचे पारडे हलवील एवढेसे वजन, असा होता. त्यातूनच एका बाजूला 'काळाचा एवढासा कण', म्हणजे क्षण, हा अर्थ निघाला आणि दुसऱ्या बाजूला 'फिरवण्याची क्षमता' हा यंत्रशास्त्रातला अर्थ. 'वर्क', 'पॉवर', 'स्ट्रेस' हे शब्दही असेच फसवे आहेत. डोक्यावर ट्रंक घेऊन तासभर उभा राहिलेला हमाल पदार्थविज्ञानाच्या भाषेत ट्रंकेवर शून्य 'वर्क' करतो. असे शब्द भेटले, की रोजचा अर्थ बाजूला ठेवून शास्त्रातला अर्थ स्वतंत्रपणे लिहून ठेवावा.

विसरण्याचे गणित

आता त्या मुलीच्या 'पन्नास वेळा लिहिण्या'कडे वळू. ते वाया का गेले? याचे उत्तर हेर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ सालीच देऊन ठेवले आहे. त्याने सुमारे २३०० निरर्थक अक्षरगट तयार केले आणि ते स्वतःच पाठ करून आपण किती विसरतो हे मोजले. पुन्हा पाठ करताना आधीचे किती श्रम वाचतात, हे त्याचे माप होते. एका तासाने निम्म्याहूनही कमी श्रम वाचत, एका दिवसाने सुमारे एक तृतीयांश आणि एका महिन्याने सुमारे एक पंचमांश.

पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याने इथे थांबून विचार करावा. किरणोत्सारी पदार्थाप्रमाणे स्मृतीलाही एक तासाचा अर्धायुकाल असता, तर चोवीस तासांनी सुमारे १ कोटी ६७ लाखांतला एक भागच उरला असता. तसे होत नाही. विस्मरण सुरुवातीला झपाट्याने होते आणि मग मंदावते. म्हणजे पहिला दिवस महत्त्वाचा. शिकलेला शब्द त्याच दिवशी पुन्हा पाहिला पाहिजे.

एबिंगहाऊसची आणखी दोन निरीक्षणे लक्षात ठेवण्याजोगी आहेत. एके ठिकाणी एका दिवसात ६८ वेळा घोकून जो परिणाम मिळाला, तोच तीन दिवसांत विभागून केवळ ३८ वेळा म्हटल्याने मिळाला. आणि निरर्थक अक्षरांऐवजी बायरन या कवीची अर्थपूर्ण कडवी पाठ करायला घेतली, तेव्हा सुमारे एक दशांश श्रम पुरले!

यातच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. न फोडलेला 'अ‍ॅडिअबॅटिक' हा निरर्थक अक्षरगटच असतो. तो पन्नास वेळा लिहिला तरी दुसऱ्या दिवशी निसटतो. फोडला, की त्याला अर्थ येतो आणि श्रम कमी होतात.

आणखी एक गोष्ट. नुसते पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून पाहणे अधिक टिकाऊ ठरते. २००६ साली अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग करून हे दाखवले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. पण आठवड्याने घेतली तेव्हा आठवून पाहणारे पुढे गेले.

खोक्यातला शब्दकोश

हे सगळे एका रिकाम्या चपलांच्या खोक्यात बसवता येते. सेबास्टियन लाइटनर या लेखकाने १९७२ साली जर्मन भाषेतील एका पुस्तकात ही पद्धत सांगितली. मी ती थोडी बदलून वापरतो.

खोक्यात पुठ्ठ्याचे चार कप्पे करा. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूच्या चिठ्ठ्या कापा. चिठ्ठीच्या एका बाजूला शब्द लिहा. दुसऱ्या बाजूला त्याचे तुकडे, मराठी अर्थ आणि स्वतः पाहिलेले एक उदाहरण. 'अ‍ॅडिअबॅटिक' मागे सायकलचा पंप लिहा. पहिला कप्पा रोज उघडा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा महिन्याने. चिठ्ठी न उलटता अर्थ आठवला, तर ती पुढच्या कप्प्यात जाईल. नाही आठवला, तर मुकाट्याने पुन्हा पहिल्यात. रोज पाच नवे शब्द घेतले, तर कॉलेजच्या दोनशे दिवसांत हजार होतात. आणि तुकडे तेच ते पुन्हा भेटत असल्यामुळे शेवटचे शब्द पहिल्यांपेक्षा सोपे जातात.

त्या मुलीने शाखा बदलली नाही. पहिल्या चाचणीत तिला गुण बेताचेच मिळाले, हेही सांगितले पाहिजे. खोके काही जादूचे नसते. पण हिवाळ्यात एके दिवशी ती वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आली. हिमालयात अडकलेल्या गिर्यारोहकांची बातमी होती आणि तीत 'हायपोथर्मिया' हा शब्द होता.

"सर, हा मी कुठेच पाठ केलेला नाही," ती म्हणाली. "हायपो म्हणजे उप, खाली. थर्म म्हणजे आपला घाम, उष्णता. म्हणजे अंगातली उष्णता फार खाली जाणे. बरोबर ना?"

अगदी बरोबर होते.

आता तुमची पाळी. 'स्कोप' म्हणजे पाहण्याचे साधन आणि 'पॉली' म्हणजे बहु, एवढे आणखी सांगतो. बाकीचे तुकडे या लेखात आलेलेच आहेत. शब्दकोश न उघडता पुढील पाच शब्द फोडून पाहा : पेरिस्कोप, पॉलीगॉन, हायड्रोलिसिस, पॉलीमर, हायपरथर्मिया. अर्थ आधी वहीत लिहा आणि मगच शब्दकोश उघडा. चुकलात तरी बिघडत नाही. चुकलेली चिठ्ठी फक्त पहिल्या कप्प्यात जाते, फेकून दिली जात नाही.